वाफेच्या गाळणीचे पोट खाली सोडल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य निरीक्षक,
बाष्पके व वाफवाहिनी तपासणी कार्यालय.

विषय : कागद गिरणीतील अपघातास मयत फिटरऐवजी अर्जदारास दोषी धरणेबाबत.

संदर्भ : १) आपला चौकशी अहवाल. २) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज; तिन्हींवर आपला शेरा : "अर्जदार थापाड्या. दप्तरी दाखल."

महोदय,

१. सदर शेरा अर्जदारास मान्य आहे. वाफेच्या झोताने अर्जदाराची टोपी चिमणीतून वर गेली व दुसऱ्या दिवशी इस्त्री होऊन परत आली, ही पहिल्या अर्जातील हकीकत खोटी आहे. अर्जदार टोपी घालत नाही. मात्र खालील मजकूर खरा असून तो शांतपणे वाचावा, ही विनंती.

२. मयत हा अर्जदाराचा धाकटा भाऊ. दोघेही गिरणीत पाईप फिटर. अर्जदाराची हयात पाण्याच्या लाईनवर गेलेली, धाकट्याची वाफेच्या. कागद वाळवणाऱ्या रुळांकडे जाणाऱ्या वाफेला गाळणी बसवायची होती. निवड अर्जदाराने केली. पाईप चार इंची, म्हणून गाळणी चार इंची. तासाला किती वाफ जाणार, दाब किती, जाळीची भोके मिळून वाट पुरेशी होते की नाही, काहीएक पाहिले नाही. जाळीही पाण्याची, पिठाच्या चाळणीसारखी बारीक घातली. ही जाळी गाळणीच्या एका अंगाला फुगलेल्या पोटात बसते.

३. बसवताना धाकटा म्हणाला, "दादा, पोट आडवं ठेव. खाली लोंबलं तर त्यात पाणी साचेल, अन् वाफ ते उचलून आपटेल." पाण्याच्या लाईनीत पोट खालीच असते, कचरा तळाशी बसतो. अर्जदारास धाकट्याकडून शिकणे जड गेले. अर्जदार म्हणाला, "अरे, बोटीवर बारा वर्षं अशाच गाळण्या लावल्यात मी. तू मला शिकवतोस?" अर्जदार बोटीवर कधी चढलेला नाही. धाकट्यास हे ठाऊक होते. तो हसला, म्हणाला, "बरं, कप्तान," आणि पाना पुढे केला. थोरल्याला तोंडावर खोटे पाडणे त्याच्या स्वभावात नव्हते.

४. आठवड्यात गंजाच्या कणांनी जाळी तुंबली, रूळ गार पडले. लाईन बंद करून जाळी धुतली. धाकट्याने वाफ पुन्हा सोडायला घेतली तेव्हा पाईप थंडगार, त्यामुळे पहिली वाफ पाणी होऊन त्या लोंबत्या पोटात साचली. पुढे वाफेने ते पाणी उचलले आणि पाईपच्या वळणावर आपटले. सांधा फुटला. धाकटा समोरच उभा होता.

५. अहवालात "कामगाराने व्हॉल्व्ह एकदम उघडला" असे नमूद आहे. ते असत्य आहे. धाकटा पाव फेरा उघडून थांबे, पेचकसाचे टोक पाईपला टेकवून मूठ कानाला लावी, आतला आवाज ऐके, मगच पुढचा पाव. अर्जदार दहा पावलांवर "आटप की रे, बाळंतीण आहे का ती लाईन?" असे ओरडत होता. धाकट्याने घाई केली नाही.

६. हे सर्व अर्जदाराने भावजयीस सांगितले. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "भाऊजी, मला बरं वाटावं म्हणून आणखी एक थाप नका मारू. त्यांचंच चुकलं, सरकारी कागदात लिहिलंय." तेव्हापासून ती नवऱ्याचा विषय निघाला की मान खाली घालते. अर्जदाराने शपथा घेतल्या. शपथाही त्याने आयुष्यभर स्वस्तच वापरल्या, त्यामुळे उपयोग झाला नाही.

७. साक्षीदार नाही. गाळणी भंगारात गेली. अर्जदारास खरे सांगण्याची सवय नसल्याने ते कोणत्या नमुन्यात सादर करावे, हेही समजत नाही.

८. सबब विनंती, की अहवालातील धाकट्याचे नाव खोडून तेथे अर्जदाराचे नाव घालावे व नियमांत असेल ती शिक्षा व्हावी. दुरुस्त अहवालाची प्रत अर्जदारास नको. ती गोल शिक्क्यासह थेट भावजयीस पाठवावी. अर्जदाराच्या हाती देऊ नये. अर्जदाराने नेऊन दिली, तर तो शिक्काही तिला खोटाच वाटेल.

आपला नम्र, आणि या खेपेस खरा,
(सही)
मयताचा थोरला भाऊ, निवृत्त पाईप फिटर

दिनांक : ९ मार्च