ताईचं कागदावरचं वय

आर्वी, १८ जुलै २०२६

आदरणीय पौर्णिमाताईस,

नागसेनचा जयभीम. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. कमलाची साखर काबूत आहे. माझी किती ते माहीत नाही, कारण मी तपासलेली नाही. तुझा गुडघा कसा आहे? रुपेशला फोनवर विचारलं तर तो "बरा आहे" म्हणाला. तुझा मुलगा पुण्याला गेल्यापासून सगळ्यालाच बरं म्हणतो, त्यामुळे काही कळत नाही.

पत्राचं कारण निव्वळ करविषयक आहे. बारा लाखांपर्यंत कर नाही हे आता गावात सर्वांना पाठ झालं आहे आणि त्यापुढचं वाक्य कुणालाच नाही. कापडवाले हेमराज परवा येऊन म्हणाले, "बारा लाखापर्यंत काहीच नाई, मंग तुमच्याकडं काऊन याचं?" कर नसला तरी रिटर्न भरावं लागतं, हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. ते चहा पिऊन गेले. (चहा माझा.) जुन्या पद्धतीत सरकार खूप काही विचारायचं. विमा कुणाच्या नावे, फी कुठल्या शाळेची, घरभाडं किती, आईच्या औषधाला काय लागलं. माणूस पिशवीतून सगळं वर्ष माझ्या टेबलावर ओतायचा. कुणाच्या घरी कोण आजारी आहे ते मला शेजाऱ्यांच्या आधी कळे. नवी पद्धत एक आकडा विचारते आणि निघून जाते. लोकांचा त्रास वाचला म्हणतात. वाचला असेल. शिवाय एप्रिलपासून नवा कायदा आला. पूर्वी कमाईचं वर्ष वेगळं आणि आकारणीचं वेगळं असायचं. आता एकच करवर्ष. मी चाळीस वर्षं या वर्षात बसून मागच्या वर्षाबद्दल बोलत आलो. ती सवय राजपत्रात छापून आल्यानं जाणार नाही.

आता तुझं प्रकरण. तू समुद्रपूरला शिक्षिका होतीस तेव्हापासून दर जुलैत कागद घेऊन एसटीनं आर्वीला यायचीस. फॉर्म अर्ध्या तासात व्हायचा, पण तू दोन दिवस राहायचीस. (फॉर्म फार किचकट आहे असं मी तुला दरवर्षी सांगत असे. तू शिक्षिका असून ते मानायचीस.) पुण्याला गेल्यावरही तीन वर्षं तू पुलगावपर्यंत रेल्वेनं आलीस. आणि गेल्या आठवड्यात रुपेशचा फोन आला. आई जानेवारीत पंचाहत्तर वर्षांची झाली, पेन्शन आणि व्याज एकाच बँकेत आहे, बँकेला फॉर्म दिला आहे, कर ती परस्पर कापते, रिटर्नची गरज नाही. "मामा, आता तिला त्या कागदांसाठी इतक्या दूर यायचं काम नाही," तो म्हणाला. नियम बरोबर आहे. मी तो तीनदा वाचला. कुठे चूक सापडते का ते पाहत होतो. मसुदा चांगला आहे.

मग मला तुझं वय आठवलं. बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन परतले ते घाई घेऊनच. पुढच्या जूनमध्ये त्यांनी तुला नाचणगावच्या शाळेत नेलं. गुरुजी म्हणाले, सहा पूर्ण हवीत. बाबा म्हणाले, पूर्ण आहेत. तू साडेचार वर्षांची होतीस. म्हणजे खरं पाहता तू आज त्र्याहत्तरची आहेस, आणि दोन जुलै अजून माझ्या वाट्याचे आहेत. हे सिद्ध करायला मी ऐन गर्दीच्या दिवशी ऑफिस बंद ठेवलं (गर्दी एकाची होती, त्यालाही पुलगावच्या बसची वेळ विचारायची होती) आणि देवळीच्या तहसीलीत जाऊन जन्माचं जुनं रजिस्टर काढायला लावलं. कारकुनानं मुलीचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं बोट फिरवत नेलं आणि थांबवलं. "नाव नाई जी. निसतं मुलगी लिवलं हाये."

जानेवारी १९५३. गाव नाचणगाव, बापाचं नाव आपल्या बाबांचं, आणि पुढे 'मुलगी'. मी नक्कल घेतली. परतीच्या बसमध्ये लक्षात आलं की हा कागद कुठे दाखवला तर तुझी नोकरी, पेन्शन, सगळ्याची चौकशी लागेल, आणि दोन वर्षं आधी निवृत्त झालीस म्हणून तू मला बोलशील ते वेगळंच. फायदा फक्त माझा होईल. नक्कल ऑफिसच्या खणात ठेवली आहे. हेमराज आले नाहीत की काढून पाहतो. त्यात तुला अजून नाव नाही आणि मी यायला सात वर्षं आहेत.

बाकी क्षेम. रुपेशला, सपनाला आणि नात मयुरीला आशीर्वाद. गुडघ्याला तीळतेल लावून द्यायला सुनेला सांग.

तुझा
नागसेन

ता.क. या वर्षीचं रिटर्न गेलं ते गेलं. पण पेन्शनच्या बँकेत नाही, अशा दुसऱ्या एखाद्या बँकेत तू लहानशी ठेव केलीस, अगदी पाच हजारांची, तर ती सवलत तुला लागू होणार नाही. पुढच्या जुलैत रिटर्न भरावं लागेल. कागदांचे फोटो पाठवू नयेत, ते नीट दिसत नाहीत. मूळ कागद स्वतः आणावेत. रुपेशला ठेवीचं कारण सांगायची गरज नाही.

दुसरा ता.क. वरचा ता.क. मी कमलाला वाचून दाखवला. तिनं भाजी चिरता चिरता ऐकला. म्हणाली, "पाच हजाराले काऊन तरास देता? बहिणीले निसतं ये म्हना ना." मी म्हटलं, काही काम नसताना एवढ्या दूर कोण येतं. ती म्हणाली, "इचारून तं पाहा."

तर विचारतो. वरचं वाचलं नाहीस तरी चालेल.