हंडेबुवाची फोडलेली डबी

अप्पा, तुम्ही गेलात तेव्हा माझ्या डोक्यात एक पांढरा केस नव्हता, आता काळा शोधावा लागतो. एवढ्या वर्षांत तुम्हाला कधी लिहिलं नाही, सवडच नव्हती. आता सवड इतकी आहे की सकाळची कापी पिऊन एक भांडं धुतलं की दुसरं धुवायला दुपार व्हावी लागते. तुमचे जावई गेल्यापासून घरात मराठी बोलायला समोर माणूस नाही. बाहेर सगळं तमिळ, ते तुमच्या वेळेलाही होतं. पण उंबऱ्याच्या आत आलं की आपलं सुरू व्हायचं. आता आत आलं की काहीच सुरू होत नाही. मी मराठी बोलते ती दुधाच्या पातेल्याशी, आणि तीही ते उतू जायला लागलं की. मुलगा बेंगळुरात. सून तमिळ, चांगली आहे, तिच्याशी मी तमिळच बोलते. राहिली नात. तिच्याबद्दलच सांगायचं आहे, आणि एका कागदाच्या कासवाबद्दल, ज्याच्यामुळे ती दिवाळीला येणार होती.

तुम्ही तिला पाहिलं नाहीत. लहानपणी दर उन्हाळ्यात यायची, तेव्हा तिच्याकडे पत्त्यांचा एक गठ्ठा असे. आपल्या खेळायच्या पानांसारखे नव्हेत. एकेका पत्त्यावर एकेक चमत्कारिक जनावर, खाली त्याची ताकद लिहिलेली, इंग्रजीत. मुलं ते विकत घेतात, अदलाबदल करतात, जपून ठेवतात. मला इंग्रजी वाचता येत नाही, तिला तेव्हा मराठी येत नव्हतं. मग दाराबाहेरच्या ओट्यावर, आपल्या तिण्णैच्या गार लाल फरशीवर बसून आम्ही दोघींनी त्या जनावरांची बारशी केली. शेपटीला आग लागलेला तो जळकेराव. पोट सुटलेला, सदा झोपलेला तो ढेकरबुवा. आणि पाठीवर उपडा हंडा घातल्यासारखं एक निळं कासव होतं, तो हंडेबुवा. हंडेबुवा तिचा सगळ्यांत लाडका. "अज्जी, हंडेबुवा मारतो!" असं ओरडून पत्ता आपटायची. मी म्हणायची, "मारतो नाही, हाणतो म्हण, जोर येतो." असं करत करत तिला मराठी आलं. शाळा नाही, पुस्तक नाही, हंडेबुवानं शिकवलं.

तुम्ही मला शिकवलंत तेही काही शाळेसारखं नव्हतं. तिसरीत माझी शाळा सुटली, आई गेल्यावर घरात चूल कोण बघणार म्हणून. मग तुम्ही मला दुकानात बसवून घेत होता. देवळाच्या पूर्वेच्या गल्लीतलं ते पानांचं दुकान, ओल्या गोणपाटाचा वास, आणि तुम्ही विड्याच्या पानावर चुन्याच्या काडीनं अक्षर काढून देता. मी खाली तसंच काढते. बरोबर आलं तर तुम्ही त्यात सुपारी घालून पान खाऊन टाकता. चुकलं तर पान परत माझ्या हातात. "हा 'ळ' मला पचणार नाही," असं म्हणता, तोंड वाकडं करून. मी तेव्हा रडकुंडीला यायची. आज हे लिहिताना 'ळ' आला की हात अजून जरा थांबतो.

तर ते कासव. एका उन्हाळ्यात नात गठ्ठा घेऊन महामहम तलावाच्या पायऱ्यांवर गेली आणि हंडेबुवा पाण्यात पडला. तिला वाटलं कासव आहे, पोहेल. मी म्हटलं, "कागदाचं कासव बुडतं गं, मेले." संध्याकाळभर जेवली नाही. नंतर मोठी झाली, उन्हाळे संपले. आता नोकरी करते, बापाच्याच गावात पण वेगळं घर घेऊन. फोन येतो, तो आधी आठवड्याला यायचा, मग सणाला, आता मी केला तर उचलते. बोलते तमिळ. मी मराठीत विचारलं की "हं हं" म्हणते, आणि माझ्या लक्षात येतं की अर्धं तिला कळलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मुलगा बोलता बोलता म्हणाला, "तिचं ते पत्त्यांचं वेड अजून गेलं नाही, आई. आता ते पत्ते तपासणाऱ्यांकडे जातात. ते भिंग लावून बघतात, दहापैकी मार्क देतात, आणि पारदर्शक डबीत कायमचे बंद करून टाकतात. तसले घेते." मला हसू आलं. पण ते कानात राहिलं. समोर शिवणकाम करणारी बाई राहते, तिच्या फोनवर सगळं मिळतं. मी तिला कासवाचं वर्णन केलं. तिनं शोधलं, चित्र दाखवलं, तोच! डबीत बसलेला, डोक्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर दहा. ती म्हणाली, "मामी, या कागदाला तिरुभुवनमच्या रेशमी साडीची किंमत सांगतायत, डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "साडी नेसून मी कुणाला दाखवू? तुला? तू रोजच बघतेस." तिनं मागवलं. मग मी नातीला फोन केला, म्हटलं, "तुझ्यासाठी एक वस्तू येतेय, दिवाळीला येऊन ने." काय ते सांगितलं नाही. "सस्पेन्स का अज्जी?" म्हणाली, हसली, आणि येते म्हणाली. खरंच म्हणाली, अप्पा. मी दोन दिवस भात जास्त घातला, सवय व्हावी म्हणून.

वस्तू आली. काय तो खोका, त्यात कागद, त्यात फुगे असलेलं प्लास्टिक, मग डबी. मी ती तिण्णैवर उन्हात नेली, चष्मा पुसला आणि पाहिली. आणि माझा चेहरा पडला. हंडेबुवा एका अंगाला सरकलेला, डावीकडे काठ रुंद, उजवीकडे जेमतेम. वरच्या कोपऱ्यावर पांढरं निघालेलं, चुना सांडल्यासारखं. पोटावरून एक बारीक रेघ. आणि डोक्यावर दहा! शिवणवालीनं दुकानाला फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडे एक मुलगी, गोड आवाजाची.

"अम्मा, दहा म्हणजे दहा. तज्ज्ञांनी दिलेत."

"त्या तज्ज्ञांचे डोळे कुणी तपासलेत का?"

"अम्मा, तुम्हाला दिसतं ते डबीवरचं असेल. पत्ता उत्तमच आहे."

"मग डबी उघडून बघते."

"अय्यो, उघडू नका अम्मा! उघडलीत तर आम्ही परत घेणार नाही."

हे ऐकलं आणि मला तुमच्या दुकानातला तो एक दिवस आठवला. कुणाच्या लग्नाची पानं होती ते आता आठवत नाही, पण तुम्ही मला मळ्यावर पाठवलं होतंत आणि मी पानांच्या कवळ्या आणल्या, केळीच्या सोपटानं बांधलेल्या, वरचं प्रत्येक पान कोवळं, पोपटी. तुम्ही गिऱ्हाइकासमोर एक सोडलीत. आत जून पानं, डाग पडलेली. तुम्ही ओरडला नाहीत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणालात, "बंध सोडून बघितला नाहीस? मग तू काय बंध विकत घेतलास?" गिऱ्हाईक हसलं. मी सगळ्या कवळ्या सोडून पान पान वेगळं करत बसले, आणि त्या दिवसानंतर आजवर बंद वस्तू घरात घेतली नाही. मिठाची पिशवीसुद्धा दुकानातच उघडते, लोक वैतागतात.

आता सांगा, तुमच्या मुलीनं काय करायचं? अडकित्ता घेतला, डबीचा कोपरा पात्यात धरला आणि दाबला. सहज फुटेना, चांगली सुपारी बरी. शेवटी कडाक् झालं आणि हंडेबुवा हातात आला. कोपरा खरोखरच पांढरा. रेघ खरोखरची. काठ वाकडेच. तज्ज्ञ खोटे, मी खरी, आणि घरात ते सांगायला कुणी नाही. मग मी देव्हाऱ्यापुढे नेऊन हळदीचं बोट लावलं. नवी वस्तू आपण कोरी कधी दिली आहे का कुणाला? लुगडं असो, पोलकं असो, कोपऱ्याला हळद. मी त्या पांढऱ्या कोपऱ्यालाच लावली, तेवढंच झाकलं गेलं. बघायला बरा दिसत होता बुवा, मुंजीला बसवल्यासारखा.

मला धीर कसला. दिवाळीला अवकाश होता, मी शिवणवालीला म्हटलं, लाव तो तोंड दिसणारा फोन. नात दिसली, मागे ऑफिस. मी पत्ता धरला.

"अज्जी!" अशी ओरडली की मागची दोन माणसं वळली. "हा तुला कुठे मिळाला? अगं, हाच तो!" आणि मराठीत ओरडली, अप्पा, मराठीत. मग जवळ येऊन बघायला लागली आणि तिचा आवाज खाली आला. "कोपऱ्याला पिवळं काय आहे?"

"हळद."

"आणि याची डबी?"

"फोडली. खोटे मार्क दिले होते त्यात."

 मग तमिळमध्ये, सावकाश, लहान मुलाला सांगतात तसं मला सांगितलं. डबी फुटली की मार्क गेले. मार्क गेले की त्याला कुणी विचारत नाही. हळद तर निघणारही नाही.

मी म्हटलं, "मार्क डबीचे होते की बुवाचे?"

त्यावर हसली. हसली तशी मला वाटलं मिटलं. मी विचारलं, "नाव आठवतं ना याचं?"

तिनं डोळे बारीक केले. "ढेकर... ढेकरबुवा?"

मी म्हटलं, "हो, तोच."

"तूच ठेव तो, अज्जी. तुझ्याकडेच छान राहील," ती म्हणाली. "आणि दिवाळीचं ना, बघ, सुट्टीचं कठीण दिसतंय. फराळ पाठवू नकोस हं, इथे सगळं मिळतं."

शिवणवालीनं फोन घेतला आणि पदरानं पुसला.  मग म्हणाली, "मामी, ब्लाउज शिवायचा होता ना तुम्हाला, मापं देता का?" मला ब्लाउज शिवायचा नव्हता. दिली मापं.

ते कासव आता देवाच्या फळीवर आहे. रोज फुलं वाहताना दिसतं. त्याच्यावर राग नाही माझा, वाकडा छापला हा त्याचा दोष नव्हे. तज्ज्ञांवर आहे थोडा. तुमच्यावरही आहे, खरं सांगते. बंध सोडून बघ म्हणालात, पण बघितल्यावर पुन्हा बांधायचा कसा ते शिकवलं नाहीत. पानं विकली जात, संपत, त्यामुळे तुम्हाला त्याची गरज पडली नसेल.

गेल्या आठवड्यात मी शिवणवालीला पुन्हा तेच मागवायला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "बघतेस काय, कर." या वेळी आठ मार्कांचा, स्वस्तातला. तो काल आला. खोकासुद्धा उघडलेला नाही. आत हंडेबुवा असेल, नसेल, दगड असेल, मला ठाऊक नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा ठाऊक करून घ्यायचं नाही. कपाटात ठेवलाय, साड्यांखाली. आज सकाळी नातीला फोन केला. म्हटलं, "आणखी एक आलाय, डबीसकट, हात लावला नाही. पण कुरिअरवाले असली वस्तू इथून घेत नाहीत म्हणतात, मोडली तर जबाबदारी त्यांच्यावर येते. इथूनच न्यायला लागेल."

"असं कसं अज्जी? सगळं घेतात ते."

"मला काय विचारतेस, त्यांचा नियम."

 मग म्हणाली, "दिवाळीनंतर चालेल का? बघते."

शिवणवाली खिडकीतून विचारतेय, सकाळपासून काय लिहिता मामी, कोर्टकचेरी आहे का. नाही म्हटलं, अक्षर गिरवतेय. हे कागद टपालात टाकायचे नाहीत, टाकून पोचणार कुठे? दुधाच्या पातेल्यापेक्षा तुम्ही बरे, एवढ्यासाठी लिहिलं. आणि एक राहिलं, अप्पा. कुरिअरवाल्याला मी काही विचारलेलंच नाही.