दुनळीची रास्त किंमत

तीर्थपुरी
६ एप्रिल २०२५

ती. राजानंदमामांस,
भारतचा सविनय जयभीम. इकडे सगळे बरे, तुमच्या गुडघ्याची तेवढी काळजी.

बंदुकांच्या आवाजानं तुमचे कान गेले आणि मोबाईलवरचं वाचणं तुम्हाला पटत न्हाई, म्हणून तीर्थपुरीच्या पोस्टातून पाकीट नेणारा बहुतेक मी एकटाच उरलो. सुमेधा हसते. म्हणते, आता मामांसाठी कबुतर पाळा.

मोसंबीत रानडुकरांनी धुमाकूळ घातलाय. ठिबकच्या नळ्या चावून टाकल्या, दोन झाडं मुळासकट उपटली. पीक संरक्षणाचा परवाना मागच्या महिन्यात हातात पडला. परतूरला नीलाबाई म्हणून एकट्या राहणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडं जुनी विलायती दुनळी आहे, बारा बोरची. परवाना त्यांच्या नावावर, कागद बराबर. अठरा हजार म्हणतात. दुकानदार म्हणाला की अशी बंदूक याच्या तिपटीला जाते. मी तर खूश होऊन राह्यलो, पण तुम्हाला विचारल्याशिवाय हो म्हणणार न्हाई. काय काय बघू, ते कळवा.

आपला,
भारत


जालना
११ एप्रिल २०२५

चि. भारत यास,
अनेक आशीर्वाद. सुमेधाला सांग, कबुतर चालेल, पण त्याला वेळेवर दाणे घालणारा माणूस पाहिजे, आणि तो काही तू न्हाईस.

आता कामाचं. स्वस्त बंदूक महाग बंदुकीपेक्षा जास्त वेळ बघायची असते. नळ्या उतरव, दोरीला टांग आणि लाकडी पळीनं हलकं ठोक. घंटेसारखा आवाज घुमला तर जोड पक्का, ठस्स वाजलं तर परत ये. नळीच्या एका तोंडाशी पांढरा कागद धर आणि दुसऱ्या तोंडानं बघ. आत देवीच्या वणासारखे खड्डे असले तर निम्मी किंमत गेली. पुढचं लाकूड काढून बंदूक हलव, सांध्यात खुळखुळ नको. नळीवरचा, सांध्यावरचा आणि लाकडाखालचा नंबर एकच पाहिजे. तो मला लिही.

असल्या बंदुकीला बाहेर घोडे नसतात, ते आत असतात. मोडून बंद केली की आपोआप चढतात, बाहेरून काही दिसत न्हाई. म्हणून दोन्ही नळ्यांत रिकामी काडतुसं घालूनच चाप ओढ. भरलेलं काडतूस खिशातसुद्धा नेऊ नको.

जयंती झाली की जा. घाई करू नको, बाईंनी चहा दिला तर बसून पी.

तुझा मामा,
राजानंद


तीर्थपुरी
१९ एप्रिल २०२५

ती. मामांस,
सविनय जयभीम.

काल परतूरला गेल्तो. तुम्ही सांगितलं तसं एकूण एक केलं. नळ्या देवळातल्या घंटेसारख्या वाजल्या. आतून आरसा. सांधा घट्ट. तिन्ही नंबर एकच, १७४०६. मामा, बंदूक बिलकुल खरी आहे. पण मी ती घेऊन आलो न्हाई. का ते लिहितो, आणि तुम्ही मला वेडा म्हणू नका.

नीलाबाई सत्तरीच्या आहेत. घर स्वच्छ, फरशीचं. बंदूक मात्र मागच्या पत्र्याच्या खोलीत, एका बाजेवर आडवी. बाहेर बेचाळीस डिग्री, आत भट्टी. मी म्हणालो, पुढं ओसरीत घेऊन बघतो. तर म्हणाल्या की न्हाई, इथंच बघायची. आणि त्यांनी स्वतःची खुर्ची उचलून दस्त्याच्या मागं नेली. मी नळीच्या समोर उभा होतो तर दंडाला धरून बाजूला ओढलं. म्हणाल्या, त्या जागेवर कुणी बसत न्हाई.

सगळं बघून झाल्यावर रिकामी काडतुसं घालून बंदूक बंद केली, चाप अडवणारा खटका लावला, बाजेवर ठेवली. त्यांनी चहा दिला. मंग पाणी. मंग पुन्हा चहा. नुसत्या बंदुकीकडं बघत होत्या. अर्धा-पाऊण तास गेला असेल. मी आता निघतो म्हणणार, तेवढ्यात बंदुकीच्या आतून ‘कट्’ असा आवाज आला.

मी चार हात लांब होतो, त्याही लांब होत्या. वारा नव्हता, आगगाडी नव्हती. उघडून बघितली तर डाव्या काडतुसाच्या टोपीवर घोड्याच्या ठोक्याची आणखी एक ताजी खूण.

त्या घाबरल्या न्हाईत मामा, हेच मला जास्त लागलं. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं, की तुम्हालाही ऐकू आलं का. मी हो म्हणालो तर खाली बसून रडायला लागल्या. अकरा वर्षांत सहा गिऱ्हाइकं आल्ती, म्हणाल्या, सगळी दहा मिनिटं खटखट करून उठली. घाई करणाऱ्याला त्या बंदूक देतच न्हाईत.

घरी आल्यापासून माझं ध्यान ठिकाणावर न्हाई. कुलूप लावलं तरी तोच आवाज येतो. हे काय आहे?

आपला,
भारत


जालना
२३ एप्रिल २०२५

चि. भारत यास,
आशीर्वाद.

बंदूक घेऊ नको. १७४०६ हा नंबर मला वहीत शोधावा लागला न्हाई.

१९९० सालचं आहे. तेव्हा मी पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करायचो. केशवराव नावाच्या माणसाच्या बंदुकीनं त्याचा धाकटा भाऊ मुकुल गेला. शेतातल्या पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात, भर दुपारी. दोघांत वाटणीवरून वाद होता. केशवराव शेवटपर्यंत म्हणत राहिला की भरलेली बंदूक बाजेवर ठेवली होती, मी माठाजवळ होतो, मुकुल समोर बसून जेवत होता, आणि ती आपोआप उडाली.

ती बंदूक माझ्या टेबलावर आली डिसेंबरात. मी ती आपटली, रबरी हातोडीनं ठोकली, वीस वेळा. घोडा पडला न्हाई. मी लिहून दिलं की ही बंदूक हात लावल्याशिवाय उडणं शक्य न्हाई. कोर्टात तेच सांगितलं. त्याला जन्मठेप झाली आणि सहाव्या वर्षी तो तुरुंगातच वारला. नीलाबाई त्याची बायको.

एक गोष्ट मी केली न्हाई. घोडे चढवून, उन्हात, ती नुसती ठेवून बघितली न्हाई.

एक मेला मी येतो. तू परतूरच्या स्टेशनावर ये. मी कोण, हे त्यांना सांगू नको.

राजानंद


जालना
५ मे २०२५

श्रीमती नीलाताई यांस,
सविनय नमस्कार.

एक तारखेला भारतसोबत आलेला बहिरा म्हातारा मी. आपण नाव विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. १९९० सालच्या त्या प्रकरणात आपल्या यजमानांविरुद्ध साक्ष देणारा कारागीर मीच.

मला तो आवाज ऐकू येणार नव्हता, म्हणून मी बाजेच्या मागं बसून दस्त्यावर तळहात ठेवला. बारा वाजता ठेवला. लाकूड तापत गेलं. पाऊण वाजता त्या लाकडाच्या आतून कुणी बोटानं टकटक करावं तसा एक ठोका माझ्या हाताला लागला. मी तिला काहीही केलं नव्हतं.

घोडा जिथं अडकतो, ती पोलादाची कड डाव्या बाजूला केसभर झिजलेली आहे. थंडीत धरते. तापली की हळूहळू सरकते आणि सुटते. यात भुताचं काही न्हाई.

आपण भारतला अठरा हजार सांगितले होते, पण रास्त किंमत विचाराल तर ऐका. त्या बंदुकीला किंमत न्हाई, ती कुणालाही विकू नका. सोबत माझं सहीचं निवेदन आहे. आपले यजमान खरं बोलत होते आणि माझा अहवाल चूक होता, असं त्यात लिहिलंय. ते कुठंही दाखवा, मी यायला तयार आहे. माफी मागण्याची माझी लायकी न्हाई.

आपला अपराधी,
राजानंद


परतूर
१४ मे २०२५

श्री. राजानंद यांस,
सा. न. वि. वि.

पत्र आणि निवेदन पोचलं. बंदूक ठाण्यात जमा केली, मोडीत काढावी असा अर्जही दिला. भारतरावांना सांगा, बाजेखाली आता मोसंबीची टोपली आहे. त्यांनी पाठवलेली फळं फार गोड निघाली.

तुम्ही दस्त्यावर हात ठेवलात तेव्हाच मी तुम्हाला ओळखलं. कोर्टातही तुम्ही बोलताना बंदुकीवर तसाच हात ठेवला होता. मी रोज तिसऱ्या बाकावर बसायचे. त्या दिवशी ताक आणायला आत गेले ते थोडा वेळ भिंतीला टेकून उभं राहायला. पण तुम्ही पाऊण तास हात हलवला नाहीत, म्हणून मी ताक घेऊन बाहेर आले.

बंदूक कोर्टातून परत आली तेव्हा हे गेलेले होते. त्यानंतर एका उन्हाळ्यात मी ती पुसून ठेवली आणि तो आवाज पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं, माझं डोकं फिरलं. म्हणून गिऱ्हाईक बोलवायचे. विकायची नव्हतीच, दुसऱ्या कुणाच्या कानांनी ऐकायची होती.

तुम्ही स्वतःला अपराधी लिहिता. तुमचा कागद वाचून न्यायाधीशांनी विश्वास ठेवला, ते त्यांचं कामच. पण मीही ठेवला. शेवटची दोन वर्षं मी ह्यांना भेटायला गेले नाही. त्याआधीच्या भेटीत ह्यांनी एकच विचारलं होतं, की बाकी कुणाचं राहू दे, तुला तरी पटतं ना. मी पदर सारखा केला आणि बसची वेळ झाली म्हणून उठले.

हे आजवर कुणाला लिहिलं नव्हतं. तुम्हीच समजू शकाल, म्हणून तुम्हाला.

कळावे. गुडघ्याला जपा.
नीला