सुताचं माप

३ तारीख

आले एकदाची! खोलीच्या खिडकीतून पूल दिसतो. पाच कमानी, सातशे वर्षांचा दगड. मधला खांब खचलाय, तो उतरवून पुन्हा बांधायचा. त्याआधी दगडादगडावर रंगाने आकडा घालून वहीत नोंद करायची, हे माझं काम. बाबांनी जन्मभर खाणीत दगड फोडले, त्यांची लेक दगड वाचवणार! घरातली पहिली पदवी कामी आली. म्हाताऱ्या मिस्त्रींनी सुताने माझी उंची मापली. सुरक्षापट्ट्यासाठी, म्हणाले. बाबांना खाणीत कुणी साधी टोपी दिली नव्हती.

९ तारीख

खांबाच्या पोटात कोनाडा निघाला. आत कुजलेलं सूत, माणसाच्या उंचीचं. मिस्त्री म्हणाले, पूर्वी खांब टिकेना की जिवंत माणसाचं माप आत चिणायचे. थर चढेल तसं ते माणूस खालून थिजत जायचं. मला हसू आलं. मग याचं काय करू, त्यांनी विचारलं. अहवालात मी ठणकावून लिहिलं: आतली प्रत्येक वस्तू होती तशी परत बसवावी, कुजली असल्यास नवी, त्याच पद्धतीने. साहेबांनी सगळ्यांदेखत शाबासकी दिली.

१६ तारीख

नव्या खांबाचे चार थर चढले. पावलं बधिर झालीत. डॉक्टर म्हणतात, ओल्या दगडावर उभ्या राहू नका.

२१ तारीख

गुडघ्यांपर्यंत. पट्टा मागायला गेले. मिस्त्रींनी कबूल केलं, पट्टे कधी मागवलेच नव्हते. मग माझं माप—

२२ तारीख

साहेबांना जाब विचारला. त्यांनी माझाच अहवाल पुढे सरकवला. खाली माझी सही, वळणदार. माझंच माप का, विचारलं. तर म्हणाले, अगं, इथले बाकीचे सगळे कुणाचे ना कुणाचे आहेत.

मी खाणमजुराची.

२५ तारीख

कंबर. मिस्त्री खोलीवर आले. काम थांबवा म्हणून त्यांच्या हातापाया पडले असते, पण वाकता येईना. ते रडले. म्हणाले, पोरी, नाहीतर माझ्या सुनेचं माप मागत होते. डोळे पुसून ते पुलाकडे गेले आणि त्यांनी थर चढवला.

२७ तारीख

छाती. बाबांना फोन लावला. घण घेऊन या, एवढंच बोलता आलं. काही न विचारता निघालेत. कुठला दगड फोडायचा ते आल्यावर सांगेन.

२८ तारीख

आवाज गेला. बोटं अजून— बाबांना अक्षरं येत नाहीत. आकडे येतात. जिन्यात त्यांची पावलं—

बाबा, कोनाड्यापुढचा दगड. आकडा—