गुरुवारचे मासे

२ जानेवारी, गुरुवार

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर समाधाननं निळ्या पेनानं मासे काढलेत. दर महिन्याचे दोन गुरुवार, थेट डिसेंबरपर्यंत. संकष्टीच्या चंद्राशेजारी मासा! बायकोचा वाढदिवस मात्र कोरा. म्हणे, "वेळ मिळत नसतो, काढून ठेवावा लागतो." हेच वाक्य मी लग्नापासून म्हणत आले — तेव्हा कंपनीत कायम ऑडिट असायचं.

१६ जानेवारी, गुरुवार

उजाडायच्या आत गेला, भामा आसखेडच्या धरणावर. गळाला गांडूळ लावणं यांच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. पिसं नि दोरा गुंडाळून खोटी माशी करायची, पाण्यावर नाचवायची. चिलापी फसली की धरायची, न्याहाळायची — आणि सोडून द्यायची! कारण गुरुवार, दत्ताचा वार. त्या दिवशी आमच्याकडे अंडंही फुटत नाही. मग दुसऱ्या वारी जावं? दुसऱ्या वारी चाकणची कंपनी चालू, सुट्टी गुरुवारीच. म्हणजे उपास सांभाळून शिकार! मत्स्यन्याय शास्त्रात वाचला होता. हा मत्स्यविनय नवा.

२० मार्च

स्वयंपाकघरात कोंबडीची पिसं. माशीच्या पोटाला माझ्या शालूची जर. "चमक येते," म्हणाला. शालू माझ्या अंगावर होता तेव्हा काही दिसली नव्हती.

१५ मे, गुरुवार

शाळेला सुट्टी. सकाळी त्यानं विचारलं, येतेस का? मी म्हटलं, "तिकडे ऊन आहे, आणि माझ्याकडे काम." काम कसलं, डोंबल! तो टोपी घालून गेला.

एरवी याचा गुरुवार, तेव्हा मी वर्गात. माझा रविवार, तेव्हा हा कंपनीत. संस्कृतच्या तासाला पोरांकडून द्विवचनं घोकून घेते. आमच्या घरात ती वापरायची वेळच येत नाही.

संध्याकाळी बरोबर दत्तोबा आले. धरणाकाठचे शेतकरी, दिघीत लेकीकडे निघालेले, याच्याच गाडीतून. चहा फुंकत म्हणाले, "वैनी, सायेब नुसतं पानी बघत बसत्यात. मासं कवातरी. दर टायमाला दोन खुर्च्या मांडत्यात. दुसरीवर कोन न्हाई."

दुसरी डब्यासाठी असेल, मी म्हटलं. दत्तोबा हसले. समाधान बशी आणायला आत गेला.

१० जुलै

पाणी गढूळ. माशाला माशी दिसत नाही म्हणे. तरी गेला. चिखल घेऊन आला. घरात तेवढंच धरणाचं दर्शन.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पेपर तपासत होते. जेवता जेवता याचा प्रश्न — "मी घरी कुठल्या वारी असलेला बरा? गुरुवारी, की रविवारी?"

माशांच्या वेळापत्रकाची आता माझ्याकडून मंजुरी! म्हटलं, "गुरुवारीच. रविवारी तरी मला शांतता मिळू दे."

"बरं," म्हणाला. आमटी परत वाढून घेतली.

१४ सप्टेंबर, रविवार

शांतता.

दुपारी खालच्या मजल्यावरची वर्षाली आली. तिचा नवरा याच्याच कंपनीत. तो घरीच आहे, म्हणाली. आज रविवारी कसा, मी विचारलं. तीच चकित झाली. या महिन्यापासून ज्याला हवी त्याला सुट्टी रविवारी, म्हणाली. निम्म्या लोकांनी बदलून घेतली.

"साहेबांचंच नाव गुरुवारी राहिलं. मी बायकोला विचारून सांगतो, म्हणाले होते की. तुम्हाला विचारलं नाही का, काकू?"

"विचारलं," मी म्हटलं. चहा ठेवायला उठले. साखर दोनदा घातली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

शाळेला पोट बिघडल्याचं कळवलं. डबा दोघांचा भरला. मासा सोडायचाच, तर धरायचा कशाला — हे समोर बसून विचारायचं ठरवलं होतं.

तो निघायच्या आधी खाली गेले, गाडीची डिकी उघडली. खुर्ची एकच.

वर येऊन चटई घेतली.