शेवटच्या दालनातली पाटी

प्रिय ठमाबाई,

तू पंचेचाळिशी ओलांडलीस, संग्रहालयात तुझ्या हाताखाली दहा माणसं आहेत, तरी मी तुला याच नावाने हाक मारतो याचा तुला राग येतो. येऊ दे. तीन दिवस माझं डोकं ठिकाणावर नाही, निदान नाव तरी ओळखीचं असू दे.

शुक्रवारी मी गावातल्या जुन्या इमारतींवरचं तुझं प्रदर्शन बघून आलो. तू परिषदेसाठी बाहेरगावी होतीस आणि मी मुद्दामच कळवलं नव्हतं. मला तिकीट काढून, रांगेत उभं राहून, चार लोकांसारखं बघायचं होतं. इस्त्रीचा शर्ट घातला, बुटांना पॉलिश केलं. तुझ्या आईने विचारलं, तुम्हालाच काचेच्या पेटीत ठेवणार आहेत का? मी म्हटलं, ठेवलं तर डबा आणून दे.

पहिली तीन दालनं बघताना छाती फुगली होती. टपाल कचेरीचा गोल जिना, वसतिगृहाचे नकाशे, त्या काळच्या आर्किटेक्टांची पत्रं, सगळं तू किती निगुतीने लावलंयस. साध्या काँक्रीटच्या इमारतींसमोर लोक इतका वेळ उभे राहतील असं मला कधी वाटलं नव्हतं. एका अनोळखी जोडप्याला मी आपणहून सांगितलं, हे माझ्या मुलीने मांडलंय. त्यांनी माझं अभिनंदन केलं आणि मी ते घेतलंही.

मग शेवटचं दालन आलं, आपल्या बसस्थानकाचं. 'आपल्या' म्हणतो, कारण चार वर्षं मी त्या बांधकामावर सुपरवायझर होतो आणि त्या चार वर्षांत तू घरी कमी आणि साइटवर जास्त असायचीस. भिंतीवर माणसापेक्षा उंच फोटो होता. छतावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी रेघ, तिच्या कडेने पाण्याचे ओघळ. खाली पाटी: 'छताला गेलेली आरपार भेग. या इमारतीचं आयुष्य संपत आल्याची खूण.' मी चष्मा पुसला आणि परत वाचलं. मग तिथल्या बाकावर बसलो. शेजारी दोन बायका उभ्या होत्या. एक दुसरीला सांगत होती, पाडतायत तेच बरं, आपण रोज याच्याच खाली उभ्या असतो. त्या खरंच घाबरल्या होत्या गं.

ती भेग नाही, ठमे. तो एक्सपान्शन जॉइंट आहे. एवढं लांब छत एका तुकड्यात ओतलं तर उन्हाने फुगून स्वतःलाच फोडेल, म्हणून आम्ही ते दोन तुकड्यांत ओतलं आणि मधे दोन बोटांची फट सोडली. मुद्दाम, नकाशाप्रमाणे, फूटपट्टी लावून. तिथून गळतं, हे मान्य. त्यातली रबराची पट्टी कित्येक वर्षांत कोणी बदललेली नाही. दोन माणसं, एक शिडी आणि चार दिवसांचं काम आहे ते.

पण हे मी तुला काय सांगतोय! आईला न सांगता मी तुला शिडीने छतावर नेत होतो. तू त्या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा सारायचीस. उन्हाळ्यात दुपारी तो असा घट्ट अडकायचा की ओढून निघायचा नाही, आणि थंडीत सकाळी आपोआप सुटायचा. वर्षभर तू तारखा घालून वहीत लिहीत होतीस. छत श्वास घेतं, असं तू वर्गात सांगितलंस आणि बाई हसल्या, म्हणून रडत घरी आली होतीस. दुसऱ्या दिवशी मी कामावर खाडा करून तुझ्या शाळेत गेलो आणि बाईंना फळ्यावर आकृती काढून दाखवली.

म्हणून मला वाटलं, छापताना कोणीतरी घोळ घातला. वर तुझ्या ऑफिसात गेलो. तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, पाट्यांचा मजकूर तपासणाऱ्या बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, पाटीत चूक झालीय, मुलगी परत यायच्या आत दुरुस्त करून टाका, उगाच तिचं नाव खराब होईल. मग त्यांनी फाइल काढली आणि एक कागद माझ्यापुढे ठेवला.

"काका, छापणाऱ्यांची चूक नाही. मॅडमनी स्वतः बदललंय."

तुझंच अक्षर होतं. आधी लिहिलं होतंस, 'छताच्या दोन भागांमधला सांधा'. त्यावर एक सरळ रेघ, आणि वर 'आरपार भेग'. रेघ पट्टीने मारली होतीस. खोडताना पट्टी वापरावी हे मीच तुला शिकवलं होतं.

मी पाण्याचा पेला त्या कागदापासून लांब सरकवला. बाईंनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की ज्या बिल्डरला बसस्थानकाची जागा हवी आहे त्याचंच नाव प्रवेशद्वाराच्या भिंतीवर देणगीदार म्हणून आहे. शेवटच्या दालनात लोकांच्या मनात शंका राहू नये, असा विश्वस्तांचा निरोप होता. आणि तुझ्या संचालकपदाचा निर्णय पुढच्या महिन्यात तेच विश्वस्त घेणार आहेत. या बाईंचं नाव कुठे येऊ देऊ नकोस, त्यांनाही नोकरी आहे.

तीन दिवस मी तुझी वकिली करतोय, स्वतःपुढेच. इमारत तशीही जाणारच होती, एका शब्दाने काय होतं, असं तुला वाटलं असेल. निदान प्रदर्शनात तरी तिला मानाची जागा मिळू दे, असंही वाटलं असेल. तुझ्या आईला अजून काही सांगितलेलं नाही. ती शेजाऱ्यांना तुझं छापील पत्रक दाखवत फिरतेय आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

एक गोष्ट मी तुला कायम अर्धीच सांगितली. उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून साहेबांनी छताखालचे टेकू आठ दिवस आधी, काँक्रीट पक्कं व्हायच्या आतच, काढायला सांगितले आणि मी ठाम नाही म्हणालो, ही ती गोष्ट. तू ती मैत्रिणींना सांगायचीस. खरं असं आहे की पहिल्या दिवशी मी हो म्हणालो होतो. मान डोलावली, चहासुद्धा प्यायलो त्यांच्याबरोबर. तू लहान होतीस, नोकरी जाईल याची भीती होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार टेकू काढायला छताखाली गेले, ते बघितलं आणि मग मी धावत जाऊन नाही म्हणालो. मी शूर होतो असं तुला वाटावं म्हणून पहिला दिवस गाळत आलो. आज तो तुला सांगावासा वाटला.

आता पत्र का लिहिलं ते. इमारत पाडायची की नाही यावर गुरुवारी नगरपालिकेत सुनावणी आहे. त्या कामावरचा मी एकटाच उरलोय, म्हणून मला साक्षीला बोलावलंय, आणि मी जाणार आहे. पाडण्याच्या प्रस्तावाला पुरावा म्हणून तुझ्या दालनातला तो फोटो पाटीसकट जोडला आहे. मी सांगेन की हा सांधा आहे. मग ते विचारतील, संग्रहालयाच्या तज्ज्ञ बाईंना एवढं कळत नाही का? बुधवारपर्यंत पाटी बदललीस तर हा प्रश्न येणार नाही. पद जाईल कदाचित, ते मला कळतं. फोन केला असता तर तू मला समजावलं असतंस आणि मी समजून घेतलं असतं, म्हणून हे कागदावर लिहितोय. पाटी तशीच राहिली आणि मला तो प्रश्न विचारला, तर मी सगळ्यांसमोर सांगणार आहे की त्यांना कळतं, त्या माझी मुलगी आहेत.

गुरुवारनंतरही तुझाच,
बाबा