रविवारच्या सिनेमांची वाटणी

मी, श्रीमती मालिनी दिवाकर गायधनी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार गंगापूर रोड, नाशिक, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. एरवी त्याची गरज नव्हती. परंतु माझा मुलगा चि. गौरांग याने सोसायटीत दोघातिघांना "आईचं डोकं त्या सिनेमांनी फिरलंय" असे सांगितल्याचे माझ्या कानावर आले आहे. उद्या कोर्टात कोणी तेच म्हणू नये, म्हणून दाखला.

१. मी राहते तो तळमजल्यावरील फ्लॅट माझ्या नावावर असून माझ्या पगारातून घेतलेला, म्हणजे स्वकष्टार्जित आहे. मनमाडचा प्लॉट कै. दिवाकर यांच्या मृत्युपत्रान्वये माझ्याकडे आला. याखेरीज बँकेतील ठेव, प्रोजेक्टर, पडदा, खुर्च्या आणि सिनेमांचा संग्रह. सोने लग्नातले होते तेवढेच आहे, ते माझ्या अंगावर आहे.

२. वाटणी सांगण्याआधी सिनेमांचे सांगणे भाग आहे, कारण भांडण त्यावरूनच आहे.

मी नववीला इतिहास शिकवत असताना 'माझा आवडता नेता' हा निबंध दिला होता. शुभांगी नावाच्या हुशार मुलीने हिटलरवर लिहिले. "आपल्या देशालाही असाच शिस्तीचा माणूस हवा," हे तिचे शेवटचे वाक्य. मी तिला रागावले नाही. वर्गाला वाचून दाखवले, तर निम्म्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी माझी झोप उडाली. पुढच्या आठवड्यात मी शाळेचा टीव्ही आणि व्हिडिओ वर्गात आणवला आणि हिटलरच्या छळछावण्या मुक्त झाल्या तेव्हाचे खरे चित्रीकरण मुलांना दाखवले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शुभांगी बाकावर डोके ठेवून बसून राहिली.

तिच्या वडिलांनी तक्रार केली. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले. "बाई, माफीचे दोन शब्द लिहून द्या, विषय संपवू."

मी म्हणाले, "विषय संपला नाही, सर. सुरू झालाय."

संस्थेने शिक्षा म्हणून माझी बदली नांदगावच्या शाखेत केली. जाताना मी मुख्याध्यापकांना एवढेच विचारले, "नांदगावला मुलं आहेत ना?" तिथेही मी ती कॅसेट लावली. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी लावली.

३. निवृत्तीनंतर मी दर रविवारी दुपारी माझ्या हॉलमध्ये या विषयावरचे सिनेमे दाखवू लागले. ज्यूंचा संहार, तो करणारे, तो पाहणारे आणि त्यातून उरलेले, एवढाच विषय. खालच्या इंग्रजी ओळी ज्यांना वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी मी पडद्याशेजारी उभी राहून मराठीत सांगते. कॉलेजची मुले येतात, निवृत्त लोक येतात, झेंडूच्या टोपल्या विकून मखमलाबादला परत जाताना साळूबाई येते.

कै. दिवाकर यांना हे आवडत नसे. ते मनमाडला यार्ड मास्तर होते, डोके शांत ठेवण्याची त्यांना सवय. रविवारी ते पेपर घेऊन गॅलरीत बसत. एकदा वायर सैल झाली म्हणून आत आले आणि उभेच राहिले. सिनेमा एका रेल्वे कारकुनाचा होता. तो कोणाला मारत नाही, शिवीसुद्धा देत नाही. डबे किती, इंजिन कुठले, गाडी कधी सुटणार, एवढे जुळवतो आणि वेळेवर घरी जातो. डब्यांत माणसे भरलेली असतात.

सिनेमा संपल्यावर सगळे गेले तरी दिवाकर उभेच. म्हणाले, "मालू, ते परत लाव. सिग्नल पडतो तिथपासून."

मी लावले. जेवताना त्यांनी भात चिवडला आणि म्हणाले, "त्याचं टेबल अगदी माझ्यासारखं होतं गं. मी आयुष्यभर गाड्या सोडल्या. आत काय आहे, कधी विचारलं नाही. विचारावं लागलं नाही, हे माझं नशीब."

पुढच्या रविवारी खुर्च्या त्यांनी मांडल्या. गेले, त्याच्या आदल्या रविवारीही त्यांनीच मांडल्या होत्या.

४. सोसायटीचे चेअरमन साहेब यांच्या पुढाकाराने सर्वसाधारण सभेत माझ्या रविवारवर चर्चा झाली. घरात प्रेते दाखवणे अशुभ आहे, बाहेरची माणसे येतात, फ्लॅटचे भाव पडतील, असे मुद्दे निघाले. शेवटी चेअरमन साहेबांनी हसत दिवाकरांना विचारले, "काका, आपल्या सोसायटीत कोणी ज्यू आहे का?"

सभेत कधी तोंड न उघडणारे दिवाकर उठले. "नाही. मग त्या सिनेमात तुम्हाला बोचतंय कोण?"

ठराव मात्र मंजूर झाला: रविवारी दुपारी बाहेरच्यांना फाटकातून प्रवेश नाही. तेव्हापासून मी स्वतः फाटकावर जाऊन एकेकाला हाताला धरून आत आणते. पाहुण्यांना बंदी घालणारा कायदा अजून झालेला नाही. मला यायला उशीर झाला तर साळूबाई वॉचमनला सांगते, "बाईंची पाव्हणी हाय मी. टोपलं तपासायचं तर तपास."

चेअरमन साहेबांना मी माझ्या संग्रहातील एक सिनेमा देते. त्यात एक इमारत आहे. जिन्यात बुटांचे आवाज येऊ लागले की प्रत्येक घरातला रेडिओ मोठा होतो. त्यात खलनायक नाही, नुसते शेजारी आहेत. साहेबांनी तो सहकुटुंब पाहावा.

५. आता चि. गौरांग. माझा एकुलता एक मुलगा, पुण्यात चांगल्या नोकरीत आहे, वाईट माणूस नाही. त्याची मुलगी सई पंधरा वर्षांची असताना सुटीत माझ्याकडे आली होती. रविवारी ती हॉलमध्ये बसली. सिनेमा तीन म्हाताऱ्या बहिणींचा होता. स्वयंपाकघरात कणीक मळत त्या आपल्या छावणीतल्या गोष्टी सांगतात. एकही प्रेत नाही. चौथ्या बहिणीचे नाव निघाले आणि मळणारे हात थांबले, तेवढ्यात गौरांग तिला न्यायला आला. त्याने सईचा चेहरा पाहिला आणि सगळ्या लोकांसमोर प्रोजेक्टरचे बटण बंद केले.

पुण्याहून दोन दिवसांनी फोन आला. "आई, पोरगी नीट जेवत नाहीये. तुला नात हवी की हे मुडदे? एकच मिळेल."

मी म्हणाले, "मला दोन्ही हवेत."

त्याने फोन ठेवला. सईचे येणे बंद झाले. दिवाळ्या गेल्या, दिवाकर गेले, तिला फक्त अंत्यविधीपुरती आणली आणि परत नेली. मी रडले नाही असे लिहिले तर मृत्युपत्रात खोटे लिहिल्यासारखे होईल. पण सिनेमे बंद केले नाहीत. नात मिळावी म्हणून त्या बायकांना गप्प केले असते, तर ती नात मी कोणत्या तोंडाने जवळ घेतली असती?

अठरा पूर्ण झाल्यावर सईने नाशिकच्या कॉलेजात प्रवेश घेतला आणि बॅग घेऊन दारात उभी राहिली. नमस्कार नाही, चौकशी नाही. "आजी, ती चौथी बहीण परत आली का? मला तो सिनेमा पुढे बघायचाय."

आम्ही दोघींनी पाहिला. ती चौथी परत आली नाही. सई बराच वेळ माझा हात धरून बसली, मग म्हणाली, "बाबांना वाटलं मी मोडेन. मला फक्त भूक लागत नव्हती गं."

६. सबब, माझा फ्लॅट, अंगावरचे सोने, प्रोजेक्टर, पडदा, खुर्च्या व उरलेला सर्व संग्रह मी माझी नात कु. सई गौरांग गायधनी हिला देत आहे. सिनेमे दाखवलेच पाहिजेत अशी अट मी घालत नाही. सक्तीने दाखवलेले डोळ्यांत राहत नाही, आणि सक्तीचा मला तिटकारा आहे. तिला वाटले तर तिने हॉलमध्ये भरतनाट्यमचा क्लास काढावा. मात्र एक सल्ला: शेवटी गोड व्हायोलिन वाजून प्रेक्षक रडून हलके होतात, असले सिनेमे लावू नकोस. हलके होऊन घरी गेलेला माणूस काही विचारत नाही.

मनमाडचा प्लॉट चि. गौरांगचा. बँकेतील ठेवही त्याचीच. माझ्या हॉलमधले बटण त्याने बंद केले याबद्दल मी त्याला क्षमा केलेली नाही, त्यानेही ती मागितलेली नाही. आई म्हणून द्यायचे ते देते, एवढेच. तीन बहिणींच्या सिनेमाची एक प्रत त्याला वेगळी द्यावी. त्याने बंद केला तिथून पुढे पाहावा. या मृत्युपत्राला त्याने खुशाल आव्हान द्यावे. मी बदलीला घाबरले नाही, कोर्टाच्या तारखांना काय घाबरू?

७. माझे अंत्यविधी रीतीप्रमाणे करावेत. मी रामकुंडावरच्या पुरोहित घराण्यातली सून आहे आणि त्याची मला लाज नाही. पुतण्या चि. आल्हाद पौरोहित्य करतो, तो करील. त्याला मी काही ठेवलेले नाही, म्हणजे त्याला साक्षीदार होता येईल.

मात्र तेराव्याच्या आत जो रविवार येईल, त्या दुपारी नेहमीप्रमाणे फाटकावर कोणीतरी जावे, खुर्च्या मांडाव्यात आणि सिनेमा लावावा. हे कलम वाचून आल्हाद आताच म्हणाला, "काकू, सुतकात करमणूक चालत नाही."

मी त्याला विचारले, "ही करमणूक आहे, असं तुला कोणी सांगितलं?"

त्याने कागद आपल्याकडे ओढला. मग म्हणाला, "पेन द्या."

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, वाचले व खालील साक्षीदारांच्या समक्ष सही केली. त्यांनीही माझ्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या.

स्थळ: नाशिक
दिनांक: ११ जानेवारी २०२६, रविवार

(सही) मालिनी दिवाकर गायधनी

साक्षीदार:
१. (सही) आल्हाद गायधनी, पंचवटी, नाशिक
२. (सही) साळूबाई लहानू पिंगळे, मखमलाबाद